'भाराखाली उभे राहू नये': हे मराठी कोणाला कळेल?

आमच्या प्रयोगशाळेत निर्वात कक्षाचं झाकण ओव्हरहेड क्रेनने उचलतात. तिथल्या फलकाचा मराठी मजकूर तपासायला माझ्याकडे आला आहे: 'भाराखाली उभे राहू नये. शिडी नीट लावावी. यारीची उचलक्षमता २ टन.' व्याकरणात चूक नाही, तरी वाचताना अडखळायला होतं. तुम्ही काय लिहाल?

—

'यारी' हा क्रेनसाठी चांगला मराठी शब्द आहे, पण फलकावर 'क्रेन'च लिहा. घाईत वाचणाऱ्याला 'यारी' म्हणजे मैत्रीच आठवेल.

खरी अडचण 'भाराखाली'ची आहे. भार म्हटलं की आपल्याला कामाचा भार, विजेचा भार असं काहीही सुचतं. सरळ 'टांगलेल्या वस्तूखाली' लिहा. आणि नुसतं 'खाली' पुरत नाही. हूक वस्तूच्या गुरुत्वमध्याच्या बरोबर वर नसेल, तर वस्तू जमिनीवरून सुटताक्षणी बाजूला झोका घेते. तेव्हा सापडतो तो वस्तू आणि भिंत यांच्यामध्ये उभा असलेला माणूस, आणि तो तर 'खाली' नसतोच. म्हणून 'खाली किंवा वाटेत'.

—

'नीट लावावी' याने काहीच सांगितलं जात नाही. मराठीत शिडी टेकवतात आणि घोडा, म्हणजे दोन बाजूंना पाय उघडणारी शिडी, उघडून उभा करतात. दोन्हींना 'शिडी लावणे' म्हटलं की लोक मिटलेला घोडा भिंतीला टेकवून वर चढतात, हे मी स्वतः पाहिलंय. घोडा मिटवून टेकवण्यासाठी बनवलेला नसतो. त्याचे पाय जमिनीवर पुरते बसत नाहीत, सरकतात. तेव्हा दोन वेगळी वाक्यं हवीत. टेकवायच्या शिडीला मापही द्या: टेकते तिथपर्यंतची उंची ४ मीटर असेल, तर पाय भिंतीपासून १ मीटर. शिडीवरून माळ्यावर उतरायचं असेल, तर ती माळ्याच्या कडेच्या वर निदान १ मीटर जायला हवी, म्हणजे उतरताना हाताला काही धरायला राहतं.

—

मला 'उचलक्षमता' या शब्दाची जास्त भीती वाटते. क्रेन २ टनांची असली तरी मधली स्लिंग, म्हणजे वस्तू हुकाला टांगायचा पट्टा, किती पेलते, हे त्या शब्दात कुठेच नाही. तिथे 'कोन' हा आणखी एक फसवा शब्द येतो. दोन पट्ट्यांच्या स्लिंगवर १००० किलो टांगले आहेत असं धरा. 'कोन ३० अंश' म्हणजे दोन पट्ट्यांमधला कोन असेल, तर प्रत्येक पट्टीवर साधारण ५१८ किलोचा ताण येतो. तोच आडव्या रेषेशी मोजला असेल, तर प्रत्येक पट्टीवर पुरते १००० किलो. शब्द एकच, आकडा एकच, ताण जवळजवळ दुप्पट. कोन कशाशी मोजला ते लिहिलंच पाहिजे, शक्य असेल तर चित्र काढा.

—

थोडं विषयांतर. क्रेनवरच्या मंडळींच्या तोंडी 'हबेस' म्हणजे वर घे आणि 'आरिया' म्हणजे खाली सोड. आरिया हा पोर्तुगीज 'अर्रिआर'वरून जहाजांवाटे आलेला शब्द. इशारे देणारा ते वापरत असेल, तर नव्या माणसांना काम सुरू होण्याआधी अर्थ सांगा. इशारे एकानेच द्यायचे. 'थांब' मात्र कोणीही ओरडावं, आणि ते ऐकताच क्रेन थांबली पाहिजे.

—

सगळ्यांचे आभार. नवा मजकूर असा करतोय: 'टांगलेल्या वस्तूखाली किंवा तिच्या वाटेत थांबू नका. क्रेन आणि स्लिंग दोन्हींवरचा आकडा पाहा, जो कमी असेल तो धरा. घोडा पूर्ण उघडूनच चढा.' स्लिंगचा आकडा कोनानुसार बदलतो, म्हणून कोनाचं चित्र खाली काढून घेतोय, बाण आडव्या रेषेपासून. 'थांब' मोठ्या अक्षरात, सगळ्यात वर.