‘गो फास्ट’ व्हिडिओ: ती वस्तू खरंच समुद्राला लागून सुसाट जात होती का?

ध्रुवतारा (प्रश्न)

अमेरिकन नौदलाच्या ‘गो फास्ट’ व्हिडिओत (जानेवारी २०१५, सुपर हॉर्नेट विमानातून घेतलेला) एक पांढरा ठिपका पाण्याच्या अगदी जवळून सुसाट जाताना दिसतो. २०२० मध्ये पेंटॅगॉननेच तो अधिकृतपणे प्रसिद्ध केला, त्यामुळे व्हिडिओ बनावट असल्याचा प्रश्न नाही. पडद्यावर आकडे आहेत. त्यांवरून वस्तूची उंची आणि वेग आपल्याला काढता येतात का? आणि निघालेलं उत्तर कितपत भरवशाचं?

कोनमापक

येतात, दहावीची त्रिकोणमिती पुरते. ठिपका चौकटीत पकडला गेला की व्हिडिओ थांबवा आणि तीन आकडे टिपा: विमानाची उंची २५,००० फूट, कॅमेरा क्षितिजाच्या खाली २६ अंश, वस्तूपर्यंतचं अंतर ४.४. हे अंतर सागरी मैलांत आहे, म्हणून ६,०७६ ने गुणा: सुमारे २६,७०० फूट. २६ अंशांचा साइन ०.४३८. गुणाकार येतो ११,७०० फूट. वस्तू विमानाच्या तेवढी खाली आहे. म्हणजे समुद्रापासून ती १३,३०० फूट वर आहे, पाण्याजवळ मुळीच नाही.

मग वेग का भासतो? कॅमेरा ठिपक्याला धरून ठेवतो, त्यामुळे मागचं पाणी पळताना दिसतं. ते पळणं मुख्यतः विमानाच्या स्वतःच्या वेगाचं आहे. धावत्या गाडीच्या खिडकीतून जवळच्या झाडावर नजर रोखली की मागचा डोंगर सरकतो, तोच हा पॅरॅलॅक्स.

वेग काढताना बहुतेकांची चूक एकाच जागी होते. पडद्यावरचे २५४ नॉट्स (तासाला सागरी मैल) हा हवेच्या दाबावरून मोजलेला वेग आहे. २५,००० फुटांवर हवा विरळ, तिथे खरा वेग शेजारच्या माख ०.६१ (ध्वनीच्या वेगाच्या ०.६१ पट) वरून धरायचा: सुमारे ३७० नॉट्स, म्हणजे ताशी ६८५ किलोमीटर. २५४ घेतलात तर विमानाने कापलेलं अंतर कमी भरतं आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. अशा अनोळखी वस्तूंवरच्या नासाच्या अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात याच व्हिडिओतले २२ सेकंदांच्या अंतराने दोन क्षण घेतले. वस्तू तेवढ्या वेळात ३९० मीटर सरकली, म्हणजे ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास. त्या उंचीवर एवढा वारा नेहमीचाच.

शंकेखोर

सगळा डोलारा ४.४ या एका आकड्यावर उभा आहे. तो रडारने मोजलेला नसून विमानाला लावलेल्या कॅमेऱ्याच्या पॉडने बांधलेला अंदाज असेल तर? शेवटाकडे अंतर ३.४ आणि कोन ३५ अंश आहे. त्यावरूनही १३,१०० फूटच येतात, म्हणून आकडा बरोबर, असं काही जण म्हणतात.

कोनमापक

शंका रास्त आहे, आणि तो जुळणीचा युक्तिवाद खरंच लंगडा आहे. दोन्ही अंतरं सारख्याच पटीत चुकली असती तरी दोन्ही उंच्या एकमेकींशी जुळल्याच असत्या.

म्हणून गणित उलटं करून बघा. वस्तू पाण्यालगत असायला २६ अंशांवर अंतर किती हवं? २५,००० भागिले ०.४३८, म्हणजे ५७,००० फूट, म्हणजे ९.४ सागरी मैल. अंतर दुपटीहून जास्त चुकलेलं असलं तरच ‘पाण्याला लागून सुसाट’ हे वर्णन टिकतं. एवढ्या मोठ्या चुकीची खूण व्हिडिओत कुठेही नाही. ती दाखवायची जबाबदारी तसा दावा करणाऱ्याची. वस्तू फुगा होती की पक्षी, हे मात्र या आकड्यांतून ठरत नाही. तिथे थांबावं.

उत्तरायण

मोबाइलच्या व्हिडिओत तर अंतराचा आकडाच नसतो, त्यामुळे ‘एवढी मोठी’, ‘एवढ्या वेगाने’, ‘गावाच्या अगदी वरून’ ही तिन्ही वर्णनं निव्वळ अंदाज. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशातून तुटत गेलेले जळते तुकडे नागपुरातही दिसले आणि सुमारे ५०० किलोमीटरवरच्या, मध्य प्रदेशातल्या झाबुआतही. एवढ्यावरूनच कळतं की ती गोष्ट गावावरून जात नव्हती, विमानांच्याही खूप वर होती. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूची भली मोठी कडी आणि गोळा सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा असल्याचं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेच्या नोंदींवरून सांगितलं.

काही दिसलं तर झूम करू नका. फोकस सुटलेला शुक्रही झूममध्ये गरगरीत तबकडी दिसतो. चौकटीत गच्चीचा कठडा किंवा विजेचा खांब येऊ द्या, आणि स्वतः जागचं हलू नका. वेळ सेकंदासकट, दिशा होकायंत्रावरून. क्षितिजापासूनच्या उंचीसाठी हात पूर्ण लांब करून मूठ धरा: एक मूठ साधारण १० अंश. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून साध्या व्हिडिओसारखी पाठवली की ती दाबली जाते आणि सोबतची माहितीही जाते. मग त्याच ठिकाणाचं, त्याच मिनिटाचं आकाश स्टेलॅरियम या तारे दाखवणाऱ्या ॲपमध्ये लावा आणि विमानं फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर बघा. दुसऱ्या गावातून त्याच मिनिटाला कुणी कोन टिपला असेल तर अंतरही काढता येतं, पण दोन ठिकाणं निदान काही किलोमीटर लांब हवीत. एकाच गल्लीतल्या दहा साक्षीदारांचा त्यासाठी उपयोग नाही.