बूटचे (यंत्र सुरू होतानाचे) संदेश कमी करणारा पॅच (कोडमधला बदल) मंजूर करावा का?

सातपूरकर : अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही शीतगृहांचे कंट्रोलर तयार करतो आणि ते लिनक्सवर चालतात. आमच्या ड्रायव्हरांमधील (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमधील) 41 ठिकाणी ‘पीआर_इन्फो’च्या (माहितीचा संदेश छापणाऱ्या आदेशाच्या) जागी ‘पीआर_डीबग’ (एरवी न दिसणारा, दोष शोधण्यापुरता संदेश) घालणारा सहकाऱ्याचा पॅच सध्या माझ्याकडे रिव्ह्यूसाठी आला आहे आणि तो मंजूर करावा, असे माझे मत आहे. हे संदेश ज्यावर छापले जातात तो सिरियल कन्सोल 115200 बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) चालतो. एका अक्षराला 10 बिट धरले तर सेकंदाला 11520 अक्षरे बाहेर पडतात, म्हणजे 80 अक्षरांच्या एका ओळीपायी सुमारे 7 मिलिसेकंद जातात. ड्रायव्हर नीट चालत असेल तर त्याने गप्प बसावे, हा कर्नल (लिनक्सचा गाभा) लिहिणाऱ्यांचा जुना संकेत आहे.

द्राक्षबाग : माझा विरोध आहे. 41 ओळींचे मिळून तिसरा हिस्सा सेकंदसुद्धा होत नाही. गेल्या हंगामात पिंपळगावजवळच्या एका शीतगृहातला कंट्रोलर अर्ध्यावर अडकला, तेव्हा रखवालदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनचा तिरका फोटो एवढाच पुरावा आमच्या हाती होता. तापमानाच्या सेन्सरची आवृत्ती सांगणारी ओळ त्यात शेवटची होती, आणि चिप बदललेली आहे हे तिच्यावरूनच कळले. बूटच पूर्ण झाले नाही तर ‘डीमेसेग’ (साठवलेले संदेश दाखवणारी आज्ञा) चालवणार कोण? ती ओळ या पॅचने पुसली आहे.

पंचवटी_टर्मिनल : वेळच वाचवायचा असेल तर कोडला हात लावण्याचे कारण नाही. कर्नलला सुरू होताना ‘क्वाएट’ हा पर्याय दिला की कन्सोलची पातळी साधारणतः 4 होते, त्रुटी आणि त्याहून गंभीर संदेशच पडद्यावर येतात आणि बाकीचे बफरमध्ये (मेमरीतल्या संदेशसाठ्यात) राहतात.

सातपूरकर : बफरही अमर्याद नाही, तो नेहमीच्या मांडणीत 128 केबीचा असतो आणि भरला की सर्वांत जुन्या ओळी जातात. 4096 प्रोसेसरांच्या यंत्रात प्रत्येकी 80 अक्षरांची एकच ओळ आली, तरी सव्वातीन लाख अक्षरे होतात. (आमच्या बोर्डावर चारच कोअर आहेत, हे मान्य.)

द्राक्षबाग : मग ते उदाहरण आपल्याला लागू नाही. ‘क्वाएट’ बूटलोडरमधून (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून) काढता येते. पण डायनॅमिक डीबग (डीबग संदेश हवे तेव्हा चालू-बंद करण्याची कर्नलची सोय) बंद असताना ‘पीआर_डीबग’ची ओळ कंपाइलच होत नाही, ती कुठून आणणार? आणि डायनॅमिक डीबग चालू ठेवले तर कर्नलचा आकार वाढतो. खरा गोंधळ या 41 ओळींमध्ये नाहीच. व्होल्टेज रेग्युलेटर तयार होण्याआधी सेन्सरचा ड्रायव्हर उठतो, उणे 517 (‘अजून तयारी नाही, नंतर पुन्हा प्रयत्न करा’ असा संकेत) परत करतो आणि पडद्यावर त्रुटी छापतो. थोड्या वेळाने तोच ड्रायव्हर बिनबोभाट सुरू होतो. अशा खोट्या त्रुटींची सवय झालेला तंत्रज्ञ खऱ्या त्रुटीकडेही काणाडोळा करतो. त्यासाठी 2020 सालच्या 5.9 आवृत्तीपासून ‘डेव्ह_एर_प्रोब’ हे फंक्शन उपलब्ध आहे : कारण उणे 517 असेल तर संदेश डीबग पातळीवर जातो, अन्यथा साधारणतः त्रुटी म्हणूनच छापला जातो.

सातपूरकर : उणे 517चा मुद्दा पॅचमध्ये नाही आणि रिव्ह्यू करताना माझ्याही नजरेतून तो सुटला. सेन्सरच्या आवृत्तीची ओळ ‘पीआर_इन्फो’वर परत आणावी आणि प्रोबच्या (ड्रायव्हर सुरू होतानाच्या) त्रुटींसाठी वेगळा पॅच द्यावा, असे मी सहकाऱ्याला कळवतो. पंख्याच्या ड्रायव्हरमधील ‘इनिट झाले’ छापाच्या नऊ ओळी मात्र जातीलच. त्यांतून आजवर कोणाला काही कळल्याचे मला आठवत नाही.

द्राक्षबाग : त्या नऊ ओळींना माझी हरकत नाही.