गावात स्वतःबद्दल बोलू का?

प्रश्न (दारव्हा तालुका): वय ३४, कापूस-तूर करतो. मला पुरुषच आवडतात, हे फक्त मायला माहीत. परवा बारावीतलं एक पोरगं धुऱ्यावर येऊन रडलं, "दादा, मी असाच हाओ." त्याच्या वयात मले असं सांगायला कोणीच नव्हतं. वाचनालयात पोरांसमोर बोलावं वाटते, पण जीभ उचलत नाही.

उत्तर (वर्धा): आधी मायला विचार, लोकांचं तिलाही ऐकावं लागेल. पोराचं नाव मात्र काढू नको.

उत्तर (नागपूर): सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं, प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. तिथूनच सुरू कर. पोराला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ दे, फुकट आहे.

प्रश्नकर्ता: मायला विचारलं. गहू निवडता निवडता म्हणाली, "मी येतो तुह्यासंग. समोरच बसतो."