पल्स रडारमधल्या ‘पल्स’ला काय म्हणावं, स्पंद की हाक?

मी यवतमाळकडच्या एका खेड्यात नववीला विज्ञान शिकवतो. गारपिटीचा मेसेज आला की पोरं हटकून विचारतात, सर, नागपूरच्या रडारले ढग दिसते कसा? सांगताना पल्ससाठी, म्हणजे रडार सोडतं त्या रेडिओलहरींच्या छोट्या झटक्यासाठी, मी पुस्तकातला ‘स्पंद’ वापरतो अन् तिथंच अडकतो, कारण स्पंद म्हटलं की पोरं मनगटावर नाडी शोधतात. त्यात धडधड आली पण थांबून ऐकणं नाही आलं, अन् या रडारचं काम तर मुख्यतः ऐकायचंच. समजा १ मायक्रोसेकंदाचा (सेकंदाचा दहा लाखावा भाग) पल्स सेकंदाला १००० वेळा सोडला, तर १ मायक्रोसेकंद ओरडायचं अन् पुढचे ९९९ गप्प राहून कान द्यायचा. म्हणून पल्स ५ लाख वॅटचा असला तरी सरासरी ५०० वॅटच पडते. ‘हाक’ चालेल का?

सर, हाक नाई जमत. हाकेले समोरचा ओ देते. जागलीले बसलो की मी हाक मारतो अन् पल्याडच्या वावरातला गडी ओ देते, तो त्याचा आवाज असते. ढग कुठं ओ देते, आपलाच आवाज धडकून वापस येते. मी तर याले ‘आरोळी’ म्हणीन, अन् वापस येते तो पडसाद.

दादा, फार नेमकं पकडलंत! विमानतळावर सेकंडरी रडार असतं, त्यात विमानातला ट्रान्सपॉन्डर विचारल्यावर स्वतः उत्तर पाठवतो. हाक अन् ओ ती तिथली. आरोळीत दम धरणंपण आलं बघा, रेडिओलहर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर जाते, जाणं-येणं धरून अंतर निघतं १५० मीटर, म्हणजे सरांच्या १००० मायक्रोसेकंदांच्या हिशोबानं १५० किलोमीटरपर्यंत ठीक. त्याच्या पलीकडचा पडसाद पुढच्या आरोळीनंतर पोचतो अन् लांबचा ढग जवळ दिसतो.

ताई, मग ‘आरोळी’च शिकवतो, पेपरात स्पंद लिहितील. अन् डुप्लेक्सरला, म्हणजे अँटेनाची जोडणी बदलणाऱ्या भागाला, काय म्हणावं? अँटेना एकच, आरोळीच्या वेळी ती ट्रान्समीटरची, लगेच रिसीव्हरची, नाहीतर आपल्याच आरोळीनं रिसीव्हर जळेल.

सर, ओलित करताना दांडाचं एक तोंड बांधून दुसरं फोडतो, तसंच झालं हे. पण नाव डुप्लेक्सरच राहू द्या, विहिरीवरच्या स्टार्टरले कोणी दुसरं नाव ठेवलं नाई.