जॅक्सन हॉलिडेला लोकांनी फार लवकर मोडीत काढलंय का?

बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा हा दुसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारा पोरगा मोठा खेळाडू होणार, असं माझं ठाम मत आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, शाळेतूनच पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. २०२३ या एकाच वर्षात मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, चार पायऱ्या चढला. एप्रिल २०२४ मध्ये, विशीत, मेजर लीगमध्ये म्हणजे सर्वोच्च स्तरावर आला आणि पहिल्या १० सामन्यांत ३४ प्रयत्नांत २ हिट, १८ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). मायनर लीगमधल्या नॉरफोक संघात परत पाठवलं. ३१ जुलैला परतला, आणि मेजर लीगमधला पहिलाच होमरन तिन्ही बेस भरलेले असताना, थेट मैदानामागच्या युटॉ स्ट्रीटवर! तो चेंडू जाताना बघून मी खुर्चीतून उठलो होतो. २०२५ मध्ये १४९ सामने, १७ होमरन, १७ वेळा बेस चोरला. वय २१. अजून काय हवं?

प्रतिसाद १
हवं ते बेसवर पोचणं. २०२५ ची फलंदाजीची सरासरी ०.२४२ (हजार प्रयत्नांत २४२ हिट), बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.३१४. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूकडून ही अपेक्षा नव्हती. डावखुरा फलंदाज, समोर डावखुरा पिचर, आणि बाहेर वळत जाणारा स्लायडर चेंडू. तिथे तो चाचपडतो. सिॲटल मरिनर्सचा डस्टिन ॲकली आठवा. २००९ ला दुसऱ्या क्रमांकावर निवड, २०११ ला पदार्पणात ०.२७३, पुढच्याच वर्षी ०.२२६. २०१६ नंतर मेजर लीगमध्ये दिसलाच नाही. त्याच्याबद्दलही सगळे असंच म्हणत होते.

धागाकर्ता
ॲकली आठवता, मग बोस्टन रेड सॉक्सचा डस्टिन पेद्रोयाही आठवा. २००६ मध्ये ०.१९१, पुढच्या वर्षी सर्वोत्तम नवोदित, २००८ ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू. तोही दुसऱ्या बेसवरचाच.

प्रतिसाद २
दोघंही फक्त बॅटबद्दल बोलताय. हॉलिडे मुळात शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. तिथे गनर हेंडरसन पाय रोवून आहे, म्हणून याला सरकवलं. शॉर्टस्टॉप डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन बाद) पूर्ण करतो तेव्हा पहिल्या बेसवरून धावत येणारा त्याला समोर दिसतो. दुसऱ्या बेसवाल्याची त्याच्याकडे पाठ असते. चेंडू घ्यायचा, पायानं बेस शिवायचा, अंग वळवून फेकायचा, तेवढ्यात मागून कोणीतरी घसरत येतंय. लहानपणापासून उलट्या बाजूनं शिकलेल्या मुलाला ही सवय लागायला वेळ लागतो. बॅटिंगचं डोकं शांत राहायला हातमोजा आधी स्थिर हवा, असं मला वाटतं.

प्रतिसाद १
हे पटलं. पण वेळ किती द्यायचा? डावखुऱ्या पिचरसमोर त्याला बाकावर बसवायला लागलात, तर तो अर्धवेळचाच राहील.

धागाकर्ता
म्हणूनच बसवू नका. बाहेर बसून तो स्लायडर ओळखायला कुठे शिकणार? या मोसमात दर डावखुऱ्यासमोर उभा करा. चुकू दे.