नववीच्या पोरांना धडकेचं गणित आणि गाडीची बनावट शिकवावी का? (चर्चा)

नववी_ब_चे_सर

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीचे नियम, त्यानंतर कार्य आणि ऊर्जा. जडत्व, संवेग, गतिज ऊर्जा सगळं तिथेच आहे. मी यंदा हे दोन्ही धडे अख्खे गाडीच्या धडकेवर शिकवले. पालकसभेत दोन-तीन पालक उठले, म्हणाले सर एवढ्या लहान वयात गाडीचं वेड कशाला लावता, अठरा झाल्यावर ड्रायव्हिंग स्कूलवाला शिकवेल की. तिथे वेळ नव्हता, म्हणून सविस्तर इथे मांडतोय.

फळ्यावर काय केलं ते आधी सांगतो. ताशी ५० म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. गाडी भिंतीवर आदळली, पुढचं नाक ६० सेंटीमीटर चेपलं आणि गाडी थांबली. बेल्ट लावलेला माणूस सीटला बांधलेला असल्यामुळे गाडीबरोबरच थांबतो, त्याच्या अंगावर येणारं मंदन गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ पट. बेल्ट नसलेला मात्र तोच १४ मीटरचा वेग घेऊन पुढे जात राहतो आणि डॅशबोर्डवर पाचेक सेंटीमीटरमध्ये थांबतो, तिथे आकडा जातो जवळजवळ २०० पटीवर. हे पोरांनी स्वतः काढलं, मी फक्त सूत्र दिलं. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला सर मग नाक चेपलं नाही तर? तिथून पुढचा तास बेला बरेनीवर गेला. १९५० च्या सुमारास मर्सिडीजमधला हा इंजिनिअर सांगत होता की गाडीचं पुढचं-मागचं टोक मुद्दाम चेपणारं करा आणि मधली माणसं बसायची पेटी कडक ठेवा. १९५९ मध्ये तशी गाडी बाजारात आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या नील्स बोलिननं तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट दिला आणि कंपनीनं ते पेटंट सगळ्यांना वापरायला खुलं केलं.

आपल्याकडे घरोघरी अजून ऐकू येतं, जुन्या गाड्यांचा पत्रा काय दणकट होता, आताच्या नुसत्या डब्या. पोरं हेच ऐकत मोठी होतात. मागे बसलं की बेल्ट कशाला, हेही घरातच शिकतात. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता, आणि गाडी साधीसुधी नव्हती. माझं म्हणणं एवढंच की नियम म्हणून सांगितलं तर पोरगं पोलिस दिसेपर्यंतच पाळतं, स्वतः गणित सोडवलं तर ते डोक्यात राहतं. तुम्हाला काय वाटतं?

आकडे_बघा

सर, तळमळ कळते पण मी पूर्ण विरोधात आहे आणि कारण भावनिक नाही. शाळेत ड्रायव्हिंगचं शिक्षण देऊन अपघात कमी होतात का हे जगात तपासून झालंय. २००१ मध्ये कोक्रेन या संशोधनं तपासणाऱ्या संस्थेनं असे प्रयोग एकत्र करून आढावा घेतला, अपघात कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही, उलट अशा कोर्समुळे पोरं लायसन्स लवकर काढतात आणि लवकर रस्त्यावर येतात हे दिसलं. नॉर्वेत तर नवशिक्यांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं ट्रेनिंग सक्तीचं केलं होतं आणि तरुण मुलांचे निसरड्यावरचे अपघात वाढले! कारण काय, तर आता आपल्याला जमतं हा विश्वास आला. सोळा-सतराच्या वयात जरा समजलं की सगळंच समजलं असं वाटतं, तुम्ही रोज बघत असाल.

आणि कल्याणीनगर विसरू नका. १९ मे २०२४, सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, दोन तरुण इंजिनिअर गेले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी तो चालवत होता. तिथे ज्ञान कमी पडलं का? मोठ्यांनी किल्ली दिली म्हणून ते झालं. मग बाल न्याय मंडळानं जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला तेव्हा अख्खा महाराष्ट्र खवळला, का खवळला? कारण सगळ्यांना कळत होतं की असल्या लिखापढीनं कोणी थांबत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत १९९अ कलम आलंय, अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे पालकसभेत वाचून दाखवा, बाकी काही नको.

सर्व्हेअर_सोलापूर

मी विम्याचा सर्व्हेअर आहे. ठोकलेल्या गाड्या बघणं हेच काम, त्यामुळे सरांच्या बाजूनं बोलतो.

गाडीत बेल्ट लावला होता का हे मला कोणाला विचारावं लागत नाही. आताच्या बऱ्याच गाड्यांत धडक बसली की प्रीटेन्शनर फुटतो आणि बेल्ट एका झटक्यात ओढून घट्ट करतो, त्यानंतर तो बेल्ट आहे तिथेच जाम होतो. लावलेला असेल तर बाहेर ओढलेल्या अवस्थेत लोंबत राहतो. लावलेला नसेल तर खांबाला चिकटून ताठ, हातानं ओढला तरी येत नाही. लावलेल्या बेल्टला क्लिप जिथे सरकते तिथे पट्टीवर चकाकी आलेली असते, प्लास्टिक घासून वितळल्यासारखं. आणि ताठ बेल्टवाल्या बाजूला वर बघायचं, काचेला आतून बाहेर फुगलेलं जाळं पडलेलं असतं, डोक्याएवढं. घरचे शेजारी उभे असतात आणि म्हणतात साहेब एअरबॅग होती हो गाडीला. त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नसतं की एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलीय. पापणी लवायच्या आत ती फुगते, बेल्ट नसेल तर माणूस तोवर तिच्या अंगावर गेलेला असतो. पुढच्या सीटवर मांडीत लेकरू घेऊन बसतात त्यांना तर काय सांगावं, बॅग आणि मोठ्या माणसाच्या मध्ये ते लेकरू असतं.

बकलमध्ये अडकवायची ती क्लिप, अलार्म वाजू नये म्हणून, तीही सापडते. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विकणाऱ्यांना ती काढायला लावली, तरी ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतेच. पुढे बुलगार्ड लावतात, तेही थेट चासीला कसलेलं. म्हणजे जो भाग चेपून माणसाला वाचवणार त्यालाच आडवा लोखंडी पाइप. केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं तरी लावतात. नॉर्वेत काय झालं मला माहीत नाही, आमच्याकडे माणसं निव्वळ न समजल्यामुळे मरतात हे मी रोज बघतो.

वैशाली_कळंब

सगळं बरोबर पण हे कारचं चाललंय. आमच्या शाळेत यायला पोरांकडे कार आहे का? मी तालुक्याच्या हायस्कूलला आहे, दहावीची पोरं बापाच्या गाडीवर ट्रिपल सीट येतात, पोरीसुद्धा स्कूटी घेऊन येतात, हेल्मेट एकाच्याही डोक्यात नाही. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्ते अपघातात गेली, त्यातली साधारण ४४ टक्के टू-व्हीलरवरची. बरेनी आणि बोलिन शिकून त्या पोरांना काय मिळणार? टू-व्हीलरला नाक नाही चेपायला, बेल्ट नाही, काहीच नाही, जे काय आहे ते डोक्यावर.

माझा शिकवायला विरोध नाही, पण सर गणित हेल्मेटवर घ्या ना. आत जो थर्माकोलसारखा थर असतो तो चेपतो आणि डोकं थांबायला दोन-तीन सेंटीमीटर जास्त मिळतात, तेच तुमचं सूत्र. मी एकदा आपटलेलं जुनं हेल्मेट मधून कापून वर्गात फिरवलं होतं, बाहेरून नुसता ओरखडा आणि आत थर दबून चपटा झालेला. पोरांनी बोटं घालून बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी विचारलं की मॅडम मग पडलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही का. रस्त्यावर दीडशे-दोनशेला मिळणारी नुसती प्लास्टिकची टोपी आणि आयएसआय मार्कवालं यात फरक काय तेही तिथेच दिसलं. आणि हनुवटीखालचा पट्टा! तो न लावता हेल्मेट घालणारे निम्मे आहेत, धडकेत डोक्याआधी हेल्मेटच उडून जातं.

आकडे_बघा

वैशालीताई, तुमचं हेल्मेट मला पटतं कारण त्यात गाडी चालवायची हौस वाढत नाही. पण सर्व्हेअर साहेब, तुमच्याकडे ठोकलेल्या गाड्याच येतात, बेल्टचं माहीत असून न लावणारे किती आणि माहीतच नसणारे किती हे बेल्टकडे बघून कळत नाही. क्लिप विकत घेणाऱ्याला बेल्ट काय असतो हे माहीत असतंच की, म्हणून तर तो क्लिप घेतो.

दुसरं, मुलांना शिकवलं की सगळं ओझं मुलांवर जातं आणि ज्यांनी रस्ता नीट करायचा ते सुटतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ पासून काम झालं. कठडे बसवले, धोक्याच्या जागा दुरुस्त केल्या, जास्त वेगानं जाणाऱ्यांना पकडलं, ॲम्ब्युलन्स लवकर पोचेल असं बघितलं. मृत्यू काही वर्षांत निम्म्याच्या खाली आले. गाडी चालवणारी माणसं तीच होती.

रोहित_मेकॅनिकल_टीवाय

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तुम्ही ज्या वयाबद्दल बोलताय त्यातून नुकताच बाहेर आलोय. माझ्या मित्रांत जे चालतं ते सांगतो. "भावा फाइव्ह स्टार आहे, ताण गाडी." हे शब्दशः. २०१४ मध्ये आपल्या पाच खपाऊ गाड्यांची ग्लोबल एनकॅपनं, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या संस्थेनं, टेस्ट घेतली तेव्हा पाचही शून्यावर होत्या, २०१८ ला नेक्सॉननं पाच स्टार मिळवले, ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅप आहे. खूप चांगलं झालं, पण जाहिरातीत फक्त स्टार दिसतात, टेस्ट कशी होते ते कोणी सांगत नाही. समोरची धडक ताशी ६४ नं घेतात. पोरं समृद्धीवर १२० नं जातात, तिथे ऊर्जा ६४ च्या साडेतीन पट होते, वेगाचा वर्ग आहे तो. ते पाच स्टार १२० साठी दिलेलेच नाहीत.

आकडे_बघा दादा, तुम्ही म्हणता ज्ञानानं फाजील विश्वास वाढतो, पण तो जाहिरातीनं आधीच वाढलाय, अर्धवट माहितीवर. नॉर्वेवाल्यांनी गाडी सावरायची कशी ते शिकवलं. सर शिकवतायत गाडी कुठे हात टेकते ते. हे दोन वेगळे विषय आहेत आणि दुसरा मला नववीत कोणी शिकवला असता तर बरं झालं असतं.

आणि पत्रा जाड म्हणणाऱ्यांना एक व्हिडिओ दाखवाच सर. अमेरिकेत २००९ मध्ये हायवे सेफ्टीच्या संस्थेनं १९५९ ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ ची मालिबू एकमेकींवर घातल्या. जुनीचं स्टिअरिंग छातीपर्यंत आत आलं, नवीत माणसं बसायची जागा जशीच्या तशी.

नववी_ब_चे_सर

रोहित, तो व्हिडिओ दाखवला, दोनदा दाखवायला लागला. वैशालीताई, तुमचं एकदम मान्य, पुढच्या तुकडीला हेल्मेट आधी आणि कार नंतर. माझ्याही वर्गात कारवाले मोजकेच आहेत पण पन्नास सीसीची गाडी सोळाव्या वर्षी कायद्यानंच चालवता येते आणि घरी प्रत्यक्षात ११० सीसीच असते, तेव्हा गाडी हातात येणं दोन वर्षंही लांब राहिलेलं नाही.

आकडे_बघा, कोक्रेनचा मुद्दा मी टाळत नाही. पण तो ड्रायव्हिंग शिकवण्याबद्दल आहे, माझ्या वर्गात कोणी स्टिअरिंगला हात लावत नाही. रस्ते सुधारायला हवेत यावर वादच नाही, पण एक्स्प्रेसवेसारखं काम आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर कधी होईल? तोवर ही पोरं त्याच रस्त्यानं येणार. आणखी एक, ही पोरं आज ड्रायव्हर नसली तरी मागच्या सीटवर बसतात. धडकेत मागचा बेल्ट नसलेला माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, म्हणजे बापाला बेल्ट असूनही मार बसतो. हे कळल्यावर आमच्या वर्गातल्या एका पोरीनं घरच्या गाडीतलं मागचं सीट कव्हर काढायला लावलं, कारण बकलं त्याच्याखाली दाबून टाकलेली होती.

आकडे_बघा

एका पोरीवरून नको. मोजा. शाळेच्या गेटवर आत्ता आठवडाभर उभं राहून हेल्मेट, पट्टा लावलेला की नाही, ट्रिपल सीट आणि कारमध्ये मागचा बेल्ट लिहून काढा, मुलांना न सांगता. शेजारची एखादी शाळा घ्या जिथे हे शिकवत नाहीत, तिथेही मोजा. मग शिकवा आणि सहा महिन्यांनी परत मोजा, लगेच नको, लगेच सगळेच पाळतात. फरक दिसला तर मी इथे येऊन तुमच्या बाजूनं लिहीन. पण १९९अ चा कागद पालकसभेत द्याच, त्याला सहा महिने थांबायची गरज नाही.

वैशाली_कळंब

सर, न शिकवणारी शाळा म्हणून आमची धरा. हेल्मेट कापायचं मी यंदा थांबवते, मोजणी झाली की मग घेऊ.

सर्व्हेअर_सोलापूर

ताई थांबवू नका, तेवढ्यात एखादं पोरगं जाईल. दुसरी शाळा शोधा. जाम झालेले दोन बेल्ट, एक लावलेला आणि एक न लावलेला, भंगारातून माझ्याकडे काढून ठेवलेत. सर पत्ता मेसेज करा, पाठवून देतो.