टेन्शन हा बहाणा आहे का? (चर्चा)

रात्रपाळी :
काल इथेच ‘सडेतोड’ यांनी लिहिलं, "वर्षभर सोडलेली दारू ‘टेन्शन आलं’ म्हणून पुन्हा धरतात. टेन्शन कुणाला नाही? बहाणे आहेत सगळे. मन खंबीर नसलेल्यांचे लाड पुरे." वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा लांबण लावतो.

माझी शेवटची घसरण तेरा महिन्यांनी झाली. ना पार्टी होती, ना कुणाचा आग्रह. मुलीची फी थकली होती आणि त्याच दिवशी सुपरवायझरने चारचौघांत झापलं. गेटबाहेर येऊन गाडीला किक मारली आणि जिभेच्या मागे चव आली. आठवण नव्हे, चव. तोंडाला पाणी सुटलं, तळहात घामाने ओले. घराचं वळण मागे पडलं ते कळलंसुद्धा नाही. विचार आला तो क्वार्टर संपल्यावर.

नंतर समुपदेशकाने समजावलं. ताण आला की मेंदूत सीआरएफ नावाचं रसायन सुटतं, त्यातून कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनपर्यंतची साखळी चालू होते. हे तुमच्यातही होतं. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या मेंदूत, भीती-ताण सांभाळणाऱ्या अमिग्डलाच्या भागात हेच सीआरएफ दारू उतरतानाही उसळत असतं. त्यामुळे ‘साहेब ओरडला’ आणि ‘सकाळी हात थरथरतायत’ यातला फरक मेंदूला कळेनासा होतो. आणि थरथरीवरचा उपाय त्याला वीस वर्षं पाठ आहे.

सडेतोड :
मीच तो. वाईट वाटलं वाचून, पण हँडल कुणाच्या हातात होतं? सीआरएफच्या? माझे वडील गिरणीत होते. १९८२चा संप, घरात पगाराचा पत्ता नाही, आईचं मंगळसूत्र गहाण. त्याच संपात त्यांनी दारू सोडली. याहून मोठं टेन्शन असेल तर दाखवा.

आणि शास्त्रच हवं असेल तर व्हिएतनामचं युद्ध घ्या. तिथल्या अमेरिकी सैनिकांतला जवळपास पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी ते परतल्यावर पाहणी केली, तर पहिल्या वर्षात त्यातले जेमतेम ५ टक्के पुन्हा अडकले होते. मेंदू कायमचा बिघडला असता तर असं झालं असतं?

उंदीरमामा :
सडेतोड, सैनिक घरी आले म्हणजे युद्ध मागे राहिलं, माल मागे राहिला, संगतही गेली. हे उदाहरण तुम्ही रात्रपाळींच्याच बाजूने दिलंत, आभार.

कॉलेजात शरीरशास्त्र शिकवतो, म्हणून एक प्रयोग सांगतो. शहाम आणि स्टुअर्ट हे संशोधक, १९९५. उंदरांना कळ दाबून हेरॉइन घ्यायची सवय लावली. मग हेरॉइन बंद केलं. दाबून दाबून थकले आणि नाद सोडला. मग पायाला विजेचे हलके झटके दिले, तर पठ्ठे पुन्हा कळीवर! कळीतून काहीच येत नसताना. उंदीर कुणाला बहाणा सांगणार?

माणसांवरही झालंय. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रजिता सिन्हांनी रुग्णांचेच ताणाचे प्रसंग लिहून घेऊन त्यांनाच ऐकवले. ऐकताना तलफ चढली. कोकेनवाल्यांत ज्यांची जास्त चढली, ते लवकर घसरले.

सडेतोड :
मग सीआरएफ अडवणारी गोळी काढा की! झाला प्रश्न मिटला.

उंदीरमामा :
काढल्या. उंदरांत चालल्या, माणसांची दारूची तलफ काही कमी झाली नाही. घ्या, हा गुण तुमचा.

आक्का नांदेड :
तलफ त्याची, मग ताण कुणाचा हो? तुम्ही सगळे त्याच्या मेंदूत शिरलात, बाजूला भाकरी थापणारीचं कुणी विचारलं नाही. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, म्हणाला, न सांगता आमटीत घाला. घातल्या. तिसऱ्या दिवशी हे बाहेरून पिऊन आले, तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. दवाखान्यात रात्र काढली आणि डॉक्टरांनी मलाच फाडून खाल्लं.

उंदीरमामा :
डायसल्फिराम. दारूतून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं, ते ही गोळी पुढे मोडू देत नाही. माणसाला न सांगता देणं जिवावरचं आहे. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिलीच कशी?

आगाऊ_कार्टा :
थोडक्यात आक्कांनी नवऱ्यावर विषप्रयोग केला 😄

आक्का नांदेड :
तुझी आई चार घरची धुणीभांडी करून आल्यावर रात्री दार आतून लावून बसायची का रे? नाही ना? मग हसू नको. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ हे मी नाही रंगवलं.

रात्रपाळी :
कार्ट्या, माफी माग. आक्का, माझ्याही भाजीत घातली होती. एकदा फजिती झाल्यावर मला वास आला आणि मी घरचं जेवणच टाकलं. वडापाववर राहायचो. ती गोळी भीती घालते, ओढ कमी करत नाही. आणि घरात प्रत्येक घासावर संशय, हे टेन्शन वेगळंच.

आक्का नांदेड :
म्हणजे पुन्हा आमच्यामुळेच. चालू द्या.

रात्रपाळी :
तसं नाही हो म्हणालो… बरं, थोडं तसंच म्हणालो. चुकलं.

आगाऊ_कार्टा :
सॉरी आक्का. सडेतोड, संप संपल्यावर वडिलांचं काय झालं, ते राहिलंच.

सडेतोड :
त्याचा इथे संबंध नाही.

आक्का नांदेड :
आहे की. उधारी बंद होती म्हणून सुटली, का मन खंबीर म्हणून?

सडेतोड :
गावी गेल्यावर पुन्हा धरली. झालं समाधान? झटका बसतो हे मान्य. पण गाडी वळवणारा हात माणसाचाच, हे मी सोडणार नाही.

रात्रपाळी :
सोडू नका. म्हणून तर हल्ली साहेब ओरडला की गेटवरच थांबतो. गाडीची किल्ली वॉचमनकडे देतो, दोन ग्लुकोज बिस्किटं चहात बुडवून खातो, मग भावाला फोन. पोट रिकामं असेल तर वीस मिनिटं लागतात, नाहीतर दहा. चौथं वर्ष चालू आहे.

आक्का नांदेड :
आमच्यांना फोन करायला भाऊ नाही. उरलेली गोळ्यांची पट्टी अजून मिसळणाच्या डब्याखाली पडून आहे. उद्या टाकते.